आज्ञा आणि आचरण : पंडिता रमाबाईंचे जीवन

धर्मग्रंथातील आज्ञा तोंडपाठ असणाऱ्या माणसांची आपल्या देशात कधीच वाण नव्हती. वाण असते ती आज्ञा प्रत्यक्ष पाळून दाखवणाऱ्यांची. घरातली कणगी रिकामी असताना आणि दारात अनोळखी पोर उभी असताना पाळून दाखवणाऱ्यांची. पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेले आहे. संस्कृतच्या विदुषी, विधवांच्या कैवारी आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या बाई, एवढी त्यांची ओळख परीक्षेपुरती पुरते. परंतु त्यांचे चरित्र वाचताना माझ्या मनात एकच प्रश्न घर करून राहिला. ही बाई लहानपणापासून अखेरच्या दिवसापर्यंत ग्रंथाच्या आज्ञेप्रमाणेच वागत होती. मग एका आज्ञेने तिच्या घरादाराची राखरांगोळी झाली आणि दुसऱ्या आज्ञेने हजारो जीव वाचले, असे का व्हावे? त्या प्रश्नाचे मला उमजले तेवढे उत्तर या लेखात मांडत आहे.

मी केज तालुक्यातील युसूफ वडगावची. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला दौंड-बारामतीकडे जात आणि केडगाव हे नाव मी प्रथम ऐकले ते त्यांच्याच तोंडून, वाटेवरचे एक गाव म्हणून. तेथे रमाबाईंचे ‘मुक्ती’ आहे हे मला पुष्कळ उशिरा, ग्रंथालयातल्या चरित्रातून कळले. दुष्काळ हा शब्द मात्र आम्हाला पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९७२ साली माझ्या आजीने दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडी खाऊन दिवस काढले. २०१६ साली आमच्याच तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण आटले आणि शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. म्हणूनच रमाबाईंच्या चरित्रातील दुष्काळाची पाने मला परकी वाटली नाहीत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी, आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे वेदशास्त्रसंपन्न पंडित. त्यांनी त्या काळी एक धाडस केले. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनी संस्कृत शिकवले. त्याबद्दल त्यांना विद्वानांचा रोष सोसावा लागला, पण ते मागे हटले नाहीत. लक्ष्मीबाईंनी तीच विद्या पहाटे उठून आपल्या धाकट्या मुलीला दिली. लहान वयातच रमेला भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत झाले. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. देवळात, नदीच्या घाटावर पुराण सांगायचे आणि लोक जे देतील त्यावर निर्वाह करायचा, असा क्रम वर्षानुवर्षे चालला.

या कुटुंबाच्या शास्त्रनिष्ठेबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती. शास्त्राने सांगितलेले उपवास, स्नाने, दाने, जपजाप्य त्यांनी काटेकोरपणे केले. गाठीला असलेले द्रव्य दानधर्मात आणि अनुष्ठानात संपले. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हा त्यांच्याजवळ काहीच उरले नव्हते. मजुरी करावी तर ती शास्त्र्याच्या घराण्याला शोभत नाही, आणि भीक मागावी तर लाज वाटते. रानातला पाला आणि फळे खाऊन दिवस काढायची पाळी आली. वृद्ध, अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधी घेण्याचे ठरवले. तेव्हा मुलगा श्रीनिवास पुढे झाला आणि कुळाचा अभिमान सोडून आपण मोलमजुरी करू, पण वडिलांना मरू देणार नाही, असे त्याने सांगितले. तोवर फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील गेले, त्यांच्यामागे आई गेली आणि मग थोरली बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला चार माणसे मिळेनात, म्हणून रमाबाई स्वतः चौथ्या झाल्या. त्या ठेंगण्या असल्यामुळे त्यांना तिरडी खांद्याऐवजी डोक्यावर तोलावी लागली. त्या वेळी त्यांचे वय सोळा वर्षांचे होते.

पुढे बहीणभाऊ शेकडो कोस पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथील पंडितसभेने या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण मानसन्मानाच्या याच दिवसांत त्यांची श्रद्धा डळमळू लागली. कलकत्त्यात त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचले. इतर बाबतींत या ग्रंथांत मतभेद असले तरी स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत आहे, असा त्यांचा निष्कर्ष झाला. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर निराळ्या जातीचा, निराळ्या प्रांताचा. १८८१ साली मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या आरंभी पती पटकीने गेले. तेवीस वर्षांची विधवा आपली तान्ही मुलगी घेऊन महाराष्ट्रात, पुण्यास आली.

पुण्यात त्यांनी १८८२ मध्येच आर्य महिला समाजाची स्थापना केली. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगासमोर स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या इच्छेने १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात राहिल्या. त्यांच्या आयुष्याला वळण लावणारी घटना येथे घडली. या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी एक आसरा चालवत होत्या. रमाबाईंनी तो पाहिला. ज्यांची सावलीही कोणी घेतली नसती अशा बायकांची सेवा सुखवस्तू घरांतून आलेल्या भगिनी करत होत्या. त्यांनी असे का करावे, याचा रमाबाईंनी शोध घेतला, तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचायला मिळाली. विहिरीवर आलेल्या, बदनाम, परजातीच्या बाईशी येशू बोलतो, तिच्या हातचे पाणी मागतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आपल्या मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यांना पटवण्यास पंडितांचे युक्तिवाद होतेच, तथापि निर्णायक ठरले ते फुलहॅमचे ते घर, असे मला वाटते. तेथे त्यांनी आज्ञा वाचण्याच्या आधी ती पाळली जाताना पाहिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ख्रिस्ती झाल्या म्हणून रमाबाई कोणाच्या आज्ञाधारक शिष्या झाल्या नाहीत. धर्मसंस्थेचे अधिकारी सांगतील तेच प्रमाण, ही गोष्ट त्यांनी कधी मान्य केली नाही. इंग्रज मुलग्यांना त्यांनी शिकवावे याला बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांना मनस्वी राग आला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नाही, असाही त्यांचा सवाल होता. त्या शाकाहारी राहिल्या आणि त्यांनी आपला देशी वेश सोडला नाही. आज्ञा देवाची आहे की ती देवाच्या नावाने माणूस देतो आहे, हे आपल्या बुद्धीने तपासण्याचा हक्क त्यांनी अखेरपर्यंत राखून ठेवला. लहानपणी तपास न करता पाळलेल्या आज्ञांचा परिणाम त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि बॉस्टन येथे त्यांच्या कार्याला साहाय्य करणारी मंडळी उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी बालविधवांसाठी शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील आणि मुलींना आपापले आचार पाळता येतील, असे ठरले होते. त्या भरवशावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडे असे आणि काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसत. यावरून पुण्यात मोठे वादळ उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली. १८९३ साली सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या प्रकरणात चूक कोणाची यावर आजही दोन्ही बाजूंनी बोलता येईल. दिलेल्या शब्दाचा अर्थ रमाबाईंनी फार सैल घेतला, हा आक्षेप मला अगदीच निराधार वाटत नाही. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या, त्यांचे दुःख खोटे नव्हते. पण याच शारदा सदनातील एक बालविधवा गोदूबाई हिचा विवाह १८९३ सालीच धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. त्या आनंदीबाई कर्वे म्हणून हिंदूच राहिल्या. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. वेगळ्या वाटेची माणसेही रमाबाईंच्या सदनातून तयार होऊन बाहेर पडली, हे विसरून चालणार नाही.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून भयंकर वार्ता येऊ लागल्या. धान्याच्या छावण्यांच्या आसपास अनाथ मुली भटकत होत्या आणि त्यांना पळवून नेणारे लोकही तेथे टपून बसले होते. रमाबाईंजवळ तेव्हा पैसा नव्हता, जागा नव्हती. शारदा सदन जेमतेम साठसत्तर मुलींचे घर होते. पण भुकेल्याला जेवू घाला, उघड्याला पांघरूण द्या, परक्याला घरात घ्या, ही येशूची आज्ञा त्यांनी वाचलेली होती आणि सोळाव्या वर्षी आपणच भुकेले, उघडे व परके कसे होतो, हेही त्यांना आठवत होते. त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि मुलींना घेऊन परत आल्या. अशा फेऱ्या होत राहिल्या. काही महिन्यांत सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांच्या आश्रयाला आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ असल्याने शहरात एवढी माणसे ठेवायला सरकारने मनाई केली. म्हणून त्यांनी या सर्वांना केडगावला नेले. पुणे-सोलापूर लोहमार्गावर तेथे त्यांनी सुमारे १०० एकर जमीन आधी घेऊन ठेवली होती. ओसाड माळ होता. आधी गवताच्या झोपड्या आणि तंबू उभे राहिले, मग विहिरी खणल्या गेल्या आणि मग इमारती आल्या. त्या वसाहतीचे नाव मुक्ती. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात आपल्याकडील एका मुलीची आबाळ झाली म्हणून रमाबाईंनी सरकारवर वृत्तपत्रातून उघड टीका केली. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

१८९९-१९०० मध्ये दुसरा दुष्काळ पडला. तो गुजरातेत फार तीव्र होता, आणि निजामाच्या राज्यातील आपल्या मराठवाड्यालाही त्याने सोडले नाही. मुक्तीतील माणसांची संख्या सुमारे २००० वर गेली. दोन हजार माणसांच्या दोन वेळच्या भाकरीचा हिशेब कोणी मांडून पाहावा! धान्य किती लागेल, सरपण किती, पाणी किती रहाट ओढावे लागेल, आजारी किती पडतील आणि त्यांचे कोण करील? आज्ञा पाळणे म्हणजे काय याचा खरा अर्थ मला या हिशेबात सापडला. शेजाऱ्यावर प्रेम करा असे सांगायला दोन शब्द पुरतात. ते करायचे ठरवले की विहीर खणावी लागते, उवा झालेली डोकी धुवावी लागतात, खरजेला औषध लावावे लागते आणि रोज रात्री पोरींची मोजणी करावी लागते.

मुक्तीत नुसते अन्नछत्र नव्हते. प्रत्येकीला लिहायवाचायला शिकवले जाई आणि हाताला काम दिले जाई. माग होते, तेलाचा घाणा होता, दूधदुभते होते, शिवण, शेती आणि फळबाग होती. पुढे छापखानाही आला. ज्या घराण्याने मजुरीची लाज वाटून उपासमार सोसली, त्याच घराण्यातील मुलीने श्रमाला असे मानाचे स्थान द्यावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. शारदा सदनात उच्चवर्णीय मुलींचे सोवळेओवळे सांभाळावे लागे. मुक्तीत सर्व जातींच्या मुली एकत्र राहू लागल्या. फुलहॅमला पाहिलेले रमाबाई विसरल्या नव्हत्या. १८९९ साली त्यांनी फसवल्या गेलेल्या, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उघडले. वृद्ध व अपंग स्त्रियांसाठी प्रीती सदन निघाले. अंध मुलींना बोटांनी वाचायची ब्रेल लिपी मनोरमाबाईंनी शिकवली. आपल्या भागाच्या दृष्टीने आणखी एक नोंद करावीशी वाटते. ज्या निजामी राज्यात तेव्हा बीड जिल्हा होता, त्याच राज्यातील गुलबर्गा येथे या मायलेकींनी १९१२-१३ च्या सुमारास शाळा सुरू केली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. मुक्तीत आलेल्या बहुतेक मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. भुकेलेल्या मुलीला भाकर देणाऱ्याचा धर्म नाकारण्याचे स्वातंत्र्य खरोखर कितपत असते? टीकाकारांनी हे विचारले होते आणि तसे विचारण्यात गैर काही नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही. पण हा प्रश्न विचारताना त्याच्या जोडीचा दुसरा प्रश्नही विचारावा लागतो. त्या मुली ज्या गावांतून आल्या, त्या गावांतील बाकीच्या धर्मनिष्ठांनी त्यांना घरात का घेतले नाही? आपल्या संतांनीही रंजल्यागांजल्यांना जवळ करायला सांगितलेलेच आहे. ते शब्द आमच्या गावात दर एकादशीला भजनातून घुमतात. सांगणे जवळपास सारखेच असताना गाडीचे तिकीट काढून मध्य प्रांतात गेली ती रमाबाई. टीका करण्याचा हक्क निर्विवाद आहे, पण आपण किती मुलींना जेवू घातले हे आधी सांगून ती केलेली बरी.

आयुष्याची शेवटची अठरा-एक वर्षे रमाबाईंनी एका मोठ्या कामाला दिली. बायबलचे मराठी भाषांतर आधीपासून उपलब्ध होते, पण त्याची भाषा केडगावच्या मुलींना पचनी पडणारी नव्हती. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी खेड्यांतून आलेल्या, उशिरा अक्षरे शिकलेल्या होत्या. ज्यांनी आज्ञा पाळायची, त्यांना ती मधला अर्थ सांगणारा कोणी न लागता स्वतः वाचता आली पाहिजे, असा रमाबाईंचा आग्रह होता. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ ग्रंथावरून सोप्या मराठीत भाषांतर केले आणि मुक्तीच्या छापखान्यात मुलींकडूनच खिळे जुळवून घेतले. एके काळी दुष्काळात मरायला टाकलेल्या मुलींच्या हातून धर्मग्रंथ छापला जात होता. बालपणी ज्या स्त्रीने १८,००० श्लोक इतरांसाठी म्हणून दाखवले, तिने म्हातारपणी ग्रंथच बायकांच्या हाती ठेवला. हे सर्व चालू असताना शरीर थकले होते, कान बधिर झाले होते. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी आणि उजवा हात असलेली मनोरमा वारली. तरी काम थांबले नाही. शेवटची मुद्रिते तपासून होत आली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी केडगाव येथेच देह ठेवला. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले होते. स्वतंत्र भारताच्या टपाल खात्याने १९८९ साली त्यांचे तिकीट काढले. मुक्ती आजही केडगावात उभी आहे आणि तेथे निराधार स्त्रिया व मुले राहत आहेत.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळते. अनंतशास्त्र्यांची निष्ठा रमाबाईंच्या निष्ठेहून उणी नव्हती. पण त्यांनी पाळलेल्या आज्ञांचा हिशेब आपल्या पुण्यापाशी संपत होता आणि रमाबाईंनी पाळलेल्या आज्ञांचा हिशेब समोरच्या माणसाच्या पोटापाशी सुरू होत होता. मला समजलेला फरक एवढाच आहे. तो हिंदू आणि ख्रिस्ती असा नाही, कारण पोथी कोणतीही असली तरी ती दोन्ही रीतींनी पाळता येते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कोयते ऊसतोडीला बाहेर पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, जावेच लागते. वयात आलेली मुलगी मागे एकटी कशी ठेवायची या धास्तीने तिचे लग्न उरकले जाते. माझ्याबरोबर सातवीत असलेल्या कितीतरी मुलींच्या हातात आज वही नाही, कोयता आहे. मी शिकले याचे कारण एवढेच की मला सांभाळायला घरी आजी होती. सरकारची हंगामी वसतिगृहे आहेत, ती नीट चालावीत म्हणून लक्ष ठेवणे, हंगामात मागे राहिलेल्या मुलींना संध्याकाळी घटकाभर शिकवणे, एखादीला आपल्या घरी निजायला बोलावणे, एवढे तर आपल्या आवाक्यात आहे. शंभर एकर माळ आपल्यापाशी नाही. पण गंगामूळच्या त्या पोरक्या मुलीपाशी तरी १८७४ साली काय होते?

पंडिता रमाबाईंच्या स्मृतीस नम्र वंदन करून हा लेख येथे पुरा करते.